आवडीचे भुरे केस

वाशीम, १२ ऑक्टोबर १९४३

एकतीस वर्षे शाळेचे लॉगबुक लिहिले. जूनमध्ये निवृत्त झाले. लिहिण्याची सवय राहिली आणि लिहायला पुस्तक राहिले नाही, म्हणून ही वही. नियम तोच ठेवायचा: घडले ते लिहावे, वाटले ते कमी लिहावे.

आज घडले ते असे. भाजीबाजारात मेथी घेताना भाजीवालीच्या मांडीवर एक मुलगी दिसली. वय अडीच वर्षांच्या आसपास. केस भुरे. उन्हातान्हात हिंडणाऱ्या पोरांचे वरवर तांबूस होतात तसे नव्हेत. मक्याच्या कणसाच्या केसांसारखे, सगळे डोके. मी जुडी हातात धरून उभीच राहिले असेन, कारण भाजीवाली म्हणाली, "बाई, मेथी पायता का पोरीले पायता?"

"कोणाची ही?"

"माह्या लेकाची. आवडी."

"हिचे केस कोणावर गेले?"

"देवाले माहीत. जुडी ठेवू का देऊ?"

घेतली. आज याखेरीज कोणाशी बोलणे झाले नाही.

१४ ऑक्टोबर

आमच्या घरात भुरे केस होते. आजोबांचे, वडिलांचे, माझे आणि रंगरावचे. माझे आता पांढरे आहेत आणि बाकी कोणी नाही.

रंगराव माझा धाकटा भाऊ. १९११ साली, मी पुण्यास कॉलेजात असताना, तो घर सोडून मानोऱ्याकडे गेला. एका माळ्याच्या मळ्यावर राहतो, त्या घरच्या मुलीशी संसार मांडला आहे, असे कानांवर आले. ब्राह्मणाच्या घरात तेव्हा ही गोष्ट मेल्यापेक्षा वाईट. वडिलांनी त्याचे नाव काढू दिले नाही. त्याने मला एक पत्र लिहिले होते. मी ते न फोडता परत पाठवले. सन अठराच्या तापाच्या साथीत तो गेला, हे एका गाडीवानाने सांगितले. मूलबाळ होते का, असे मी त्या गाडीवानाला विचारले नाही.

कॉलेजात वनस्पतिशास्त्राच्या तासाला एका पाद्र्याने बागेत केलेले वाटाण्याचे प्रयोग शिकवले होते. उंच आणि बुटक्या झाडांचा संकर केला तर सगळी उंच निपजतात. बुटकेपण गेले असे वाटते, पण ते दबून असते आणि पुढच्या पिढीत वर येते. आमचे प्राध्यापक मग केसांचा दाखला देत: काळा रंग वरचढ, भुरा दबणारा. भुरे मूल व्हायचे तर आई आणि बाप या दोघांकडूनही तो अंश यावा लागतो.

कोष्टक मांडून पाहिले. जमते.

१९ ऑक्टोबर

भाजीवालीचे नाव चतुराबाई. मळा अनसिंगच्या वाटेवर, गावापासून दीड मैल. ताजी भाजी मिळेल असे स्वतःला सांगून चालत गेले. चतुराबाईचा मुलगा शालिग्राम मोट हाकत होता. सून रुख्मिणी कोथिंबिरीच्या जुड्या बांधत होती. शेजारी झोळीत पाच महिन्यांचा तान्हा. आवडी झोपडीच्या मेढीला टेकून बसलेली.

मुलगी सालस आहे. तासाभरात रडली नाही, जागची हलली नाही, मातीत हात घातला नाही. रंगराव लहानपणी असाच शांत होता. अंगाने बरी आहे. पावले तर गुबगुबीत. नडग्यांवर कातडीचे पापुद्रे सुटले आहेत, तिथे खोबरेल लावायला सांगितले.

"खायला काय देता?"

चतुराबाई म्हणाली, "ज्वारीच्या भरडलेल्या कन्यांची पेज. हा धाकटा पोटात राह्यला तवा तिचं अंगावरचं तोडलं. तवापासून पोट बिघडते, म्हून हलकंच देतो. दुसरं पचत नाही तिले."

साधा आहार मुलांना उत्तम, असे मी सांगितले. चतुराबाई माझ्याकडे पाहत राहिली.

रुख्मिणीचे माहेर मानोऱ्याकडचे. हे ऐकून मी जरा बसले. "वडील काय करत?" तर म्हणाली, "आठवत नाही. मी तान्ही असतानी गेले. मंग मायबी गेली. मामानं वाढवलं."

"तुमच्याकडे कोणी भुरे?" असे चतुराबाईला विचारले.

"कोनी नाही. हिचंबी जावळ काळंभोर होतं. माह्या लेकीनं ओटीत घेतलं, तिले इचारा. जावळ काढल्यावरबी बरे निंघाले होते. मंग हे असे झाले."

जावळाच्या रंगावर भिस्त ठेवायची नसते. मुलांचा रंग वर्षा-दोन वर्षांत ठरतो. तसे सांगितले.

२१ ऑक्टोबर

आवडीचे चार केस मागून आणले होते. हात लावताच निघून आले. मुलीने हूं की चूं केले नाही.

माझ्या लग्नात आईने माझ्याच विंचरून निघालेल्या केसांचे गंगावन करून दिले होते. तेव्हा मी अकरा वर्षांची. दोन वर्षांत ते घालायचे कारण संपले. मात्र वडिलांनी माझे केस काढू दिले नाहीत आणि मला शाळेत घातले. ते गंगावन आज पेटीतून काढले. खिडकीशी दोन्ही एकत्र धरून पाहिले. रंग एकच. आवडीचे केस टोकांकडे काळसर दिसतात, ते तेलामुळे असावे.

दुपारी झोप आली नाही.

२६ ऑक्टोबर

पुन्हा मळ्यावर गेले. मोकळ्या हाताने जाणे बरे नव्हे म्हणून लहान चरवीत दूध नेले. आमच्या घरी मुलांना पाच वर्षांची होईपर्यंत दूध असे. रंगरावला तर सहा.

चतुराबाईला वाटाण्याची गोष्ट समजावून सांगितली. दोन्ही घराण्यांतून अंश यावा लागतो, तेव्हा नीट आठव, तुझ्या सासरी कोणीतरी असलेच पाहिजे. तिने चरवीकडे पाहिले, आवडीला मांडीवर घेतले, तिच्या तोंडाला वाटी लावली. मुलीने अर्धी वाटी संपवली तेव्हा ती म्हणाली, "माहा सासरा होता जरा भुरा."

"परवा नाही म्हणालीस."

"मेल्याले चाळीस साल झाले बाई. मानसाच्या ध्यानात राह्यते का?"

कोष्टक पूर्ण झाले. घरी येईपर्यंत पाय दुखले नाहीत.

भाऊबीज

आज सांगून टाकले. रुख्मिणी माझ्या भावाची मुलगी असावी. 'असावी' म्हणाले, 'आहे' म्हणाले नाही; पुरावा तेवढाच आहे.

शालिग्रामने बैल थांबवले. चतुराबाईने रुख्मिणीकडे पाहिले. मग म्हणाली, "मंग तुमी आवडीच्या आत्याआजी झाल्या," आणि आतून पाट आणून मांडला. एवढे दिवस मी बांधावर बसत होते.

रुख्मिणी उठली. झोपडीमागे गेली आणि पुष्कळ वेळाने तोंड धुऊन आली. पाया पडली. विचारले, "माहे बाबा दिसाले कसे होते?"

उंच होता, म्हणाले. डाव्या भुवईवर व्रण होता, चिंचेवरून पडल्याचा.

"मंग?"

मंग काय. वेळ झाली होती, निघाले. आपल्या घरचे मूल पेजेवर राहते हे काही बरोबर नाही. गवळ्याला उद्यापासून अर्धा शेर जास्त सांगितले आहे.

१२ नोव्हेंबर

रोज सकाळी दूध घेऊन जाते. सोबत तुरीचे घट्ट वरणही नेऊ लागले. पचत नाही म्हणून चतुराबाई आधी धास्तावली होती, पचते आहे.

एक चिंता. मुलगी वाळली. पावले बारीक झाली, दंड काटकुळे दिसतात. दुधाने अंग धरायला हवे, हिचे उतरते आहे. चतुराबाईला मात्र काळजी नाही. म्हणाली, "ते अंग नव्हतं बाई. बोट दाबलं तर खड्डा राहे."

मग आधी का सांगितले नाही, तर म्हणे, "तुमी चांगली हाये म्हनल्या. शिकेल मानसापुढं काय बोलाचं?"

रुख्मिणी फार प्रश्न विचारते. बाबा गात होते का, काय खायला आवडे, बैलाला भीत होते का. हातातली जुडी तशीच राहते आणि कामाचा खोळंबा होतो. मी थोडक्यात उत्तरे देते. भीत होता. पेरू मिठाशी खाई. गात नसे, शीळ घाली.

५ डिसेंबर

आवडी चालत बांधापर्यंत आली. माझा चष्मा ओढला, दिला नाही म्हणून भोकाड पसरले आणि कोथिंबिरीच्या वाफ्यात लोळली. चतुराबाई हसत होती. म्हणाली, "पायजा, आत्याआजीवर गेली. हेकड हाये."

लाडाने बिघडते आहे. रंगराव असा नव्हता. तरी आज घरी आल्यावर चष्म्याच्या काचेवर तिच्या बोटांचे ठसे होते, ते सायंकाळपर्यंत पुसायचे राहिले.

१० जानेवारी १९४४

आज तिची वेणी घालायला बसले. केस दाट झाले आहेत, आता ओढल्याने निघत नाहीत. भांग पाडला तो मुळाशी काळा. दोन बोटे काळा, पुढे भुरा.

काजळ किंवा तेल असेल म्हणून रिठ्याने धुतले. मुलीने मळा डोक्यावर घेतला. काळे ते काळेच राहिले.

वारशाचा रंग मुळापासून बदलत नाही. वाटाण्याचे बुटके झाड अर्ध्यातून उंच होत नाही. काहीतरी चुकते आहे. निरीक्षण चुकले असेल.

संक्रांत

रुख्मिणी आली. दीड मैल चालत, तान्हा काखेत, नवे लुगडे, पदरात तिळगूळ. या घरात ती प्रथमच येत होती. उंबऱ्यात थांबली. आत ये म्हणाले तेव्हा आली.

"सगळ्या सणाले माहेरी जातात," म्हणाली. "मी कवाच गेली नव्हती. मामीले आवडे नाही."

रंगरावची खोली दाखवा म्हणाली. आता तिथे शाळेची जुनी पुस्तके ठेवली आहेत. ती भिंतीवरून हात फिरवत उभी राहिली. भिंतीला नुकताच चुना दिला आहे, लुगड्याला लागेल, असे मी सांगितले. तिने हात काढला नाही.

चहा केला. जाताना तिला काही द्यावे हे सुचले नाही. ती गेल्यावर सुचले.

१८ जानेवारी

माझी जुनी विद्यार्थिनी इथल्या दवाखान्यात डॉक्टर होऊन आली आहे. आज तिच्याकडे आवडीचे केस कागदात घेऊन गेले. नाव न सांगता विचारले.

तिने केस उजेडात धरला. टोक काळे, मध्ये भुरे, मूळ काळे. म्हणाली, "बाई, या मुलीचं अंगावरचं मागच्या वर्षी सुटलं ना? आणि दोन-तीन महिन्यांपासून तिला कोणी नीट खायला घालतंय."

"तुला कसे कळले?"

"गावांतून, तांड्यांतून अशी पुष्कळ येतात. नुसत्या पेजेवर राहिली की केस असे भुरे होतात, पायाला सूज येते, मूल गप्प बसून राहतं. लोकांना वाटतं शहाणं आहे. बरीचशी दगावतात. ही वाचेल. कोण घालतंय खायला?"

मी म्हणाले, घरचेच कोणी.

मग मीच विचारले, "आणि वारशाने भुरे असतील तर?"

"तर मुळाशी काळे कशाला येतील, बाई? हे तुम्हीच आम्हाला वर्गात शिकवलंय."

शिकवले होते खरे.

मी त्या मुलीला सालस म्हणाले. पेज उत्तम म्हणाले. तिची सूज मला बाळसे वाटली. हे लिहून ठेवते, कारण घडले ते लिहायचे आहे.

१९ जानेवारी

दूध नेले नाही. गुडघा दुखतो.

२० जानेवारी

गुडघा बरा आहे. दूध नेले नाही. गवळ्याने नेहमीप्रमाणे घातले, ते विरजण लावले. एवढ्या दह्याचे काय करायचे ते कळत नाही.

गंगावन पेटीत ठेवले.

२१ जानेवारी

सकाळी दारात चतुराबाई. कडेवर आवडी. बस म्हणाले तर बसली नाही.

"दोन दिस आल्या नाही."

"बरे नव्हते."

"केस काळे होऊन राह्यले म्हून आल्या नाही."

तिने आवडीला खाली सोडले. आवडी थेट स्वयंपाकघरात गेली.

"माहा सासरा भुरा नव्हता बाई. कोयशासारखा काळा होता. मी खोटं बोलली."

"का बोललीस?"

"तुमी दुधाची चरवी घेऊन बसल्या होत्या, अन् भुरा मानूस मांगून राह्यल्या होत्या. मंग देल्ला."

मी म्हणाले, एवढे दिवस मला फसवलेस. शाळेत पोरीला ओणवे उभे करताना वापरत असे तो आवाज निघाला. तिला त्याचे काही वाटले नाही.

"फसवलं. ह्याच्या आंधी एक नातू गेला माह्या जावेचा, असेच केस झाल्ते त्याचे. हे पोरगी जाईन हे मले दिसत होतं. तुमी म्हनाल ते म्या हो म्हनलं असतं. तुमी म्हनल्या असत्या का ते तुमच्या राजाची नात हाये, तरी हो म्हनलं असतं." मग जरा थांबून म्हणाली, "तुमचंबी काम होत होतं. रोज दीड मैल कोन चालते बाई, फुकट?"

आतून भांडे पडल्याचा आवाज आला. आवडी दह्यात कोपरापर्यंत हात घालून बसली होती. खात होती. आम्ही दोघी तिचे खाणे होईपर्यंत तिथेच उभ्या राहिलो.

"दूध बंद करू नका," चतुराबाई म्हणाली. "बाकी मले काई म्हना."

"बंद केलेले नाही. गुडघा दुखत होता."

"हाव," ती म्हणाली. "दुखतो गुडघा कवा कवा." निघताना उंबऱ्यात वळली. "रुख्मिनीले मी सांगनार नाही. तिले खरंच वाट्टे. तुमी दोन दिस आल्या नाही तं तिनंबी भाकर खाल्ली नाही."

हे मला ठाऊक नव्हते. ठाऊक असायला हवे होते. संक्रांतीला ती भिंतीशी उभी होती तेव्हा मी चुन्याबद्दल बोलत होते.

२३ जानेवारी

काल दूध घेऊन गेले, पण शालिग्राम जवळ होता, बोलणे झाले नाही. रुख्मिणीने दोन दिवसांबद्दल काही विचारले नाही. पाट आधीच मांडून ठेवलेला होता.

आज ती एकटी पालक खुडत होती. तिच्या सरीत बसून मीही खुडायला लागले. मला खुडता येत नाही. देठ लांब राहतात. ती माझी जुडी घेऊन देठ मोडून नीट करी आणि टोपलीत ठेवी.

शाळेत असल्यासारखे सांगितले: आधी चूक कोणती, मग ती कशी कळली, मग बरोबर काय. आवडीचे केस उपासमारीने भुरे झाले होते. ते आमच्या घराण्याचे नव्हेत. तेव्हा तू रंगरावची मुलगी आहेस असे म्हणायला मला काही आधार राहिलेला नाही. मानोऱ्याकडचे तेवढेच खरे, आणि मानोऱ्याकडे पुष्कळ लोक राहतात. माझी चूक झाली. ती मी तुला आधी सांगायला हवी होती.

तिचे हात थांबले नाहीत. दोन जुड्या बांधून झाल्या.

"मंग रंगरावची लेक कोन?"

"कोणी नसेल. असली तरी मला ठाऊक नाही."

"म्हंजे त्याले कोनीच नाही."

"नाही."

तिसरी जुडी बांधली. गाठ दाताने ओढली. मग खाली पाहतच म्हणाली, "त्याले कोनी नाही अन् मले बाप नाही. मंग तो माहा असला तं कोनाचं काय जाते, आत्या?"

याला शास्त्रात उत्तर नाही, असे मला म्हणता आले असते. पुष्कळ पालक खुडला.

मग तिने विचारले, बैलाले कायले भेत होते? पोळ्याच्या दिवशी पाच वर्षांच्या रंगरावने सजवलेल्या बैलाला आपली टोपी घालायला पाहिली, बैलाने ती खाल्ली, आणि टोपी नवी होती म्हणून त्याने दोन दिवस बैलाशी बोलणे टाकले. तेव्हापासून तो भीतो असे सांगे. पण मला वाटते तो रुसला होता. हे मी आजवर कोणाला सांगितले नव्हते. सांगताना मध्येच थांबून एक देठ मोडला. ती वाट पाहत राहिली. मग पुढचे सांगितले.

निघायला ऊन झाले. तान्हा आता आठ महिन्यांचा आहे. त्याचे अंगावरचे सुटेल तेव्हा त्याला पेजेवर ठेवायचे नाही, हे चतुराबाईला बजावून आले. गवळ्याला आणखी पावशेर सांगायचे आहे.